सिहोऱ्याचा बंब

लिलाधर निखारे तुमसर नगर परिषदेच्या अग्निशमन केंद्रात फायरमन म्हणून लागले आणि तिथेच वाढत वाढत केंद्राचे प्रमुख झाले. आडनावावरून गावाने त्यांची थट्टा भरपूर केली. "निखारेच इझवाले आले, मग आग कशी इझन?" असं कोणी म्हटलं की ते हसून घ्यायचे. आता पन्नाशी उलटली, आणि थट्टा करणारेही त्यांना लिलाधरभाऊ म्हणतात.

ते मूळचे मोहाडीचे, कोष्ट्याच्या घरातले. वडील हातमागावर बसायचे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसच्या दिवस काढणारे वडील पाहून लहानपणीच त्यांनी ठरवलं होतं की आपल्याला बसून करायचं काम नको. तसंच झालं. लग्न तुमसरच्या ज्योत्सनाशी झालं आणि ते तुमसरचेच होऊन गेले. ज्योत्सनाचे मोठे भाऊ चंद्रभान यांची गावात राइस मिल आहे. एका आगीत भिंत अंगावर येऊन लिलाधरभाऊंचा पाय मोडला होता, तेव्हा हेच चंद्रभानभाऊ त्यांना स्वतःच्या गाडीतून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेत आणि आणत. दोघांमध्ये साळा-जवायापेक्षा दोस्तीचंच नातं जास्त होतं.

सगळं सुरू झालं ते एका धानाच्या आगीपासून. कापणी होऊन धानाचे पुंजणे रचलेले होते, मळणी व्हायची होती. सिहोऱ्याच्या पलीकडच्या एका टोलीतून, म्हणजे लहानशा वस्तीतून, फोन आला. लिलाधरभाऊ आणि बंबाचा ड्रायव्हर कुंदन बाकीच्या पोरांना घेऊन निघाले. रस्त्यात धानाचे ट्रॅक्टर, वळणं, खड्डे. सायरन वाजवून वाजवून कुंदनचा जीव मेटाकुटीला आला. पोचले तेव्हा विझवायला काही उरलंच नव्हतं. पुंजण्यांच्या जागी काळी वर्तुळं होती आणि त्यांतून धूर निघत होता. त्यांनी त्या राखेवर पाणी मारलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

शेत बायजाबाई नावाच्या म्हातारीचं होतं. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर लिलाधरभाऊंनी ऐकून घेतल्या असत्या, त्याची त्यांना सवय होती. पण तिनं घरातून पाण्याची गुंडी आणली, पेले आणले.

"एवढ्या दुरून आले बाबू तुमी. बसा, पानी पेवा," ती म्हणाली.

लिलाधरभाऊंनी पेला हातात घेतला आणि तसाच भरलेला खाली ठेवला. परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता कुंदन म्हणाला,

"भाऊ, आपन आग इझवाले नाई, राख पाहाले जाऊन राहिलो."

त्याच हिवाळ्यात जिल्ह्याची अग्निशमन आणि बचाव सेवा सुधारण्यासाठी आराखडा करायचं ठरलं. प्रत्येक केंद्राच्या प्रमुखाला भंडाऱ्याला बोलावलं. लिलाधरभाऊही गेले. प्रत्येकाने आपापल्या गावासाठी मागणी केली: कोणाला मोठा बंब हवा होता, कोणाला उंच शिडी, कोणाला नवी इमारत. लिलाधरभाऊंच्या खिशातही तुमसरसाठी नव्या शेडची मागणी होती.

बैठक घेणाऱ्या अधिकारी रेणू मॅडम वयाने लहान होत्या, नुकत्याच जिल्ह्यात आलेल्या. त्यांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला. गेल्या काही वर्षांत जिथे जिथे आग लागली, कोणी बुडालं, अपघात झाला, तिथे त्यांनी लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. तुमसरच्या उत्तरेला, सिहोरा आणि चांदपूरच्या भागात टिकल्यांची दाटी होती, आणि जवळपास एकही बंब नव्हता.

"नवा बंब मंजूर होऊन यायला वेळ लागेल. तोपर्यंत इथे काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

लिलाधरभाऊंना त्या टिकल्यांतली बायजाबाईच्या शेताची टिकली ओळखू आली. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे दोन बंब आहेत मॅडम. एक सिहोऱ्याला ठेवता येईल."

शेजारी बसलेल्या दुसऱ्या गावच्या प्रमुखाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. आपल्या गावची वस्तू दुसऱ्याला द्या म्हणणारा माणूस त्या खोलीत पहिल्यांदाच बोलत होता.

"तुमचं गाव ऐकेल?" मॅडम म्हणाल्या.

"नाही ऐकणार."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्यांना बैठकीनंतर थांबवून घेतलं. बंब गावाबाहेर कायमचा ठेवायचा तर नगर परिषदेचा ठराव लागेल, सिहोऱ्याला जागा लागेल, डिझेल कोण देणार, माणसं कुठे राहणार, हे सगळं त्यांनी एकेक करून पुढे मांडलं. लिलाधरभाऊंनी यातल्या कशाचाच विचार केलेला नव्हता. बोलून तर बसलो, आता हे निस्तरायचं कसं, असं त्यांना वाटलं. पण मॅडमना वाट माहीत होती. पुढचे कित्येक आठवडे ते एसटीने भंडाऱ्याला जात राहिले आणि आराखड्याचा तो भाग दोघांनी मिळून उभा केला.

त्यात पाण्यातल्या बचावाचाही भाग होता. तलावात, नदीत कोणी बुडालं की पोलीस आणि बंबवाले शेवटी जायचे ते ढिवरांकडेच. चांदपूरच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या संस्थेचे अध्यक्ष तुलाराम होते. लिलाधरभाऊ त्यांना भेटायला गेले, तेव्हा ते काठावर बसून जाळं सांधत होते. बचावाचं पथक करायचं आहे, तुमची माणसं हवीत, हे त्यांनी ऐकलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.

"कोनी बुडला का आमाले बलावता. आमी पान्यात उतरतो. मांगून आमाले कोनी वळखत बी नाई," ते म्हणाले. "माह्या भावाले नदीत उतरवलं होतं असंच. त्याच्या पायाले काच लागली, तो सालभर घरी बसला. कोन आलं पाहाले?"

"म्हणूनच आलो ना भाऊ. आता नावं लिहून, शिकवून, रीतसर करू."

"नावं लिवून काय होते? आदी विमा काढा. मंग पान्यात उतरतो."

लिलाधरभाऊंना आधी राग आला. चांगलं काम घेऊन आलो तर हा माणूस अटी घालतो! पण मोटारसायकलवरून परतताना त्यांना आठवलं की स्वतः पाय मोडून घरी होते तेव्हा त्यांचा पगार चालू होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगून विम्याचं कलम आराखड्यात घातलं, आणि ते मंजूर होईपर्यंत तुलारामकडे पुन्हा पथकाचं नाव काढलं नाही.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. एका सकाळी चंद्रभानभाऊ घरी आले. चहा पुढे आला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"जवाई, मी आयकलो ते खरं हाये का? आपला बंब सिहोऱ्याले देऊन राहिले तुमी?"

"एक देऊन राहिलो. एक इथंच राहील."

"काहून पन? मिला कुटी हायेत? तुमसरात का सिहोऱ्यात? तुसाचे ढीग कोनाच्या दारात हायेत?"

"तुमच्या दारात आहेत भाऊ. पण तिकडे माणसं आहेत अन् काहीच नाही."

"अन् आमी मानसं नोहो?"

चंद्रभानभाऊ उठले, बहिणीकडे पाहून "येतो" म्हणाले आणि गेले. ज्योत्सनाने भरलेला कप तसाच आत नेला. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्याकडे पाहून काही ठरवू नका. भाऊ माझा आहे, त्याचं मी पाहीन. पण बरोबर वाटत असंल तरच करा, मॅडमले खूश कराले करू नका."

नगर परिषदेच्या सभेत बराच गोंधळ झाला. शेवटी एक वर्ष करून पाहू, असा ठराव थोडक्या मतांच्या फरकाने पास झाला. उन्हाळा संपता संपता एक बंब सिहोऱ्याला गेला. नवी इमारत मिळाली नाही. ग्रामपंचायतीने दिलेल्या जागेवर पत्र्याचं शेड उभं राहिलं. कुंदनने आपणहून तिथे जायची तयारी दाखवली. विम्याचे कागद आले, आणि तुलारामसह ढिवरांच्या बारा-चौदा जणांचं पथक झालं. भंडाऱ्याहून आलेल्या प्रशिक्षकाने त्यांना दोर बांधायचे नवे प्रकार आणि बुडालेल्या माणसाची छाती दाबून श्वास सुरू कसा करायचा ते शिकवलं. छाती दाबायला ठेवलेल्या रबरी पुतळ्याला पाहून सगळे आधी पोट धरून हसले आणि मग मन लावून शिकले.

रोवणीच्या दिवसांत त्याची परीक्षा झाली. परक्या गावी धान रोवायला निघालेल्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्या होत्या. कालव्याच्या पाळीवर माती खचली आणि ट्रॉली भरल्या कालव्यात उलटली. सिहोऱ्याचा फोन वाजला तेव्हा कुंदनने बंब काढता काढता तुलारामला कळवलं. ढिवर तलावावरच होते, ते आधी पोचले. एकीमागून एक बाया त्यांनी काठाला लावल्या. देवकाबाई नावाची बाई मात्र ट्रॉलीखाली दबली होती. तिचं तोंड कसंबसं पाण्याच्या वर होतं. तुलाराम तिचं डोकं हातावर धरून पाण्यात उभे राहिले आणि कुंदनच्या माणसांनी बंबाला दोर लावून ट्रॉली उचलली. एका बाईचा श्वास थांबला होता, तिची छाती दाबून तो परत सुरू केला. देवकाबाईचा हात मोडला. पण सगळ्याच्या सगळ्या घरी गेल्या.

लिलाधरभाऊ तुमसरहून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तुलाराम पाळीवर ओलेत्यानेच बसले होते. त्यांच्या शेजारी बसून लिलाधरभाऊंनी त्यांना चुना-तंबाखू मळून दिली. लिलाधरभाऊंना त्या दिवशी फार हलकं वाटलं. आपण केलं ते बरोबर केलं, आता प्रश्न मिटला, असं त्यांनी घरी येऊन ज्योत्सनाला सांगितलंही.

प्रश्न मिटला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात, एका तापलेल्या दुपारी, मिलच्या रस्त्यावर तुसाच्या ढिगाने पेट घेतला. तुमसरचा बंब लगेच पोचला. पण तुसाची आग वरून विझते आणि आतून धुमसत राहते. बंबातलं पाणी संपलं. तो भरून आणायला गेला तेवढ्यात वारं सुटलं आणि ठिणग्या शेजारच्या गोदामावर गेल्या. ते गोदाम चंद्रभानभाऊंचं होतं. कुंदन सिहोऱ्याहून दुसरा बंब घेऊन आला तोवर छप्पर खाली बसलं होतं. कामगार सगळे सुखरूप बाहेर होते. आतलं धान, बारदाना, काहीच वाचलं नाही.

आग विझल्यावर लिलाधरभाऊ मेहुण्याजवळ गेले. अंग पाण्याने आणि काजळीने माखलेलं. चंद्रभानभाऊंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर त्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ज्योत्सना रोज माहेरी जाऊन येत राहिली. तिकडचं इकडे तिने कधी सांगितलं नाही, आणि लिलाधरभाऊंनी विचारलं नाही.

वर्ष भरत आलं होतं. बंब परत आणायचा की नाही, यासाठी सभा लागली. मिलवाले सगळे आले होते. एका सदस्याने लिलाधरभाऊंना उभं करून विचारलं, "दुसरा बंब इथे असता तर गोदाम वाचलं असतं की नाही? सरळ सांगा."

"वाचलं असतं, असं मला वाटते," लिलाधरभाऊ म्हणाले.

सभेत एकदम गलका झाला. तो ओसरेपर्यंत ते उभेच राहिले.

"चंद्रभानभाऊंचं नुकसान माझ्या आराखड्यामुळं झालं. ते मी नाकारत नाही. पण बंब इथे असता तर त्या बायांमधल्या काही घरी गेल्या नसत्या. हे दोन्ही खरं आहे. मला विचाराल तर बंब तिकडंच राहावा. अन् माझ्याकडून जे राहून गेलं ते आता करू. त्या दिवशी आपल्याकडे बंब कमी नव्हता, पाणी कमी होतं. मिलच्या रस्त्यानं पाइप टाका, जागोजाग नळ काढा, एक मोठी टाकी बांधा. मग भरायला गाडी पळवावी लागणार नाही."

टाकीला जागा कुठे आहे, असं कोणीतरी विचारलं. मिलच्या रस्त्याला इंचभर जमीन कोणी सोडणार नव्हतं. मागच्या खुर्चीवरून चंद्रभानभाऊंचा आवाज आला.

"माह्या गोदामाची जागा रिकामीच हाये. तिचा एक कोपरा घ्या."

एवढं बोलून ते सभेतून निघून गेले. बंब सिहोऱ्यालाच ठेवायचा आणि टाकी बांधायची, असं त्या दिवशी ठरलं. रेणू मॅडमनी ते आराखड्याच्या पुढच्या टप्प्यात घेतलं. मंजुरीला हेलपाटे पडायचे तेवढे पडलेच, पण काम झालं.

टाकी पहिल्यांदा भरली त्या सकाळी लिलाधरभाऊ नळाला होजपाइप जोडून पाहत होते. ज्योत्सनाही कुतूहलाने आली होती. चंद्रभानभाऊ मिलमधून बाहेर आले, हात मागे बांधून जरा लांब उभे राहिले. मग दोन पावलं पुढे आले.

"जवाई, पानी जोरानं येते का नाई, ते तरी पाहू द्या. का नुसतंच दाखवाले लावलं?"

लिलाधरभाऊंनी वर पाहिलं. "धरा मग तोंड," म्हणाले आणि होजचं टोक त्यांच्या हातात दिलं. "दोन्ही हातांनी धरा भाऊ, झटका बसतो."

त्यांनी नळ उघडला. पाण्याचा झोत सुटला, चंद्रभानभाऊंच्या हातातून टोक निसटता निसटता राहिलं, आणि बाजूला उभी असलेली ज्योत्सना डोक्यापासून पायापर्यंत भिजली. ती दोघांनाही शिव्या घालत मिलच्या आत गेली. चंद्रभानभाऊ हसत होते, आणि धापा टाकत म्हणत होते, "येते जोरानं. येते, येते. बंद करा आता."