घरातले बूट

शनिवारच्या सुट्टीची सकाळ. कतारमधल्या अल वक्राच्या त्या फ्लॅटमध्ये कुकर होऊन गेला होता, पोह्यांवर कोथिंबीर पडली होती. भैरवी डावा गुडघा उंच उचलत, पाऊल फरशीवर आपटत चहा घेऊन हॉलमध्ये आली. फट्. फट्.

"घोडी आली," तिचा नवरा गुरुप्रसाद मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

कप हिंदकळला, चहा बशीत सांडला. त्याने बशी तिच्याच हातावर ओतली. मनगट भाजलं, तरी तिने आधी फरशीवर काही सांडलं का ते पाहिलं.

तेवढ्यात दार वाजलं.

वरच्या मजल्यावरची मालविका. लुळ्या-वाकड्या पायांसाठी ब्रेस बनवणं हे तिचं क्लिनिकमधलं काम. भैरवीने माप दिलं होतं, पण ब्रेस घ्यायला तिला कुणी जाऊ दिलं नव्हतं. म्हणून कामावर जाता जाता मालविकाच घेऊन आली होती, सोबत थोडे सैल बूटही.

"भाऊजी, यल्ला, चला, पाय आवरा, वहिनींना बसू द्या."

गुरुप्रसाद हसला. बाहेरच्यांसमोर तो छान हसायचा.

मालविकाने ब्रेस चढवली, पट्टे आवळले, वर बूट घातले. "चालताना टाच आधी टेकते, मग चवडा. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला वळसा घालून जाते, अगदी कातडीखालून. तिथे मार बसला की पाऊल लोंबतं. बोटं अडकू नयेत म्हणून मग माणूस गुडघा उचलून चालतो. हे पोटरीमागचं प्लॅस्टिक पाऊल वर धरेल. पण बुटातच हं. नुसती ब्रेस घालून फिरलात तर सटकून तोंडावर आपटाल. घरातसुद्धा बूट."

"घरात बूट चालणार नाहीत," गुरुप्रसाद म्हणाला. "देव्हारा आहे."

"नवे आहेत हो. रस्ता बघितला नाही त्यांनी अजून."

"नाही म्हणजे नाही."

मालविकाने भैरवीच्या लाल मनगटाकडे पाहिलं. "बाथरूममध्येच पडला होतात ना, वहिनी?"

"हो."

मालविका उठली. "आई दिवसभर घरीच असतात. काही लागलं तर वर या," म्हणाली आणि गेली.

भैरवी पडली नव्हती. नाशिकला कॉलेजच्या खो-खो संघात पळणारी पोरगी ती; अशी सहज पडायची नाही. माहेरी जायला तिने पासपोर्ट मागितला, त्या संध्याकाळी तो साइटवरून आला तसा सेफ्टी शूजसकट थेट ओट्यापर्यंत गेला आणि पोलादी टोकाची लाथ तिच्या गुडघ्याखाली घातली. त्या दिवशी देव्हारा कुणाला आठवला नाही. तेव्हापासून ती कुठल्या खोलीत आहे हे त्याला फरशीवरच्या आवाजावरून कळायचं, आणि जिना तर तिला जमतच नव्हता.

बुटात जमला असता. त्यालाही ते कळलं होतं.

"काढ ते."

ती उठून उभी राहिली. त्याने केस धरून तिचं डोकं फ्रिजच्या दारावर आदळलं. ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली.

"काढ म्हटलं ना."

ती दाराकडे वळली, तशी त्याने सगळा जोर लावून मागून त्याच पायावर लाथ मारली. लाथ पोटरीमागच्या प्लॅस्टिकवर बसली. त्याचा पाय अनवाणी होता. अंगठ्यात काहीतरी कडकन मोडलं आणि तो पाय धरून खाली बसला. आईवरून शिव्या देत हाताला लागलेला पितळी तांब्या त्याने फेकला. तो तिच्या खांद्यावर लागला, हात बधिर झाला. पण ती चालत होती. टाच, मग चवडा. जिन्याचा कठडा धरून चांगला पाय वर, मग दुखरा. खाली तो भिंतीला धरत, लंगडत दारापर्यंत आला होता.

वरचं दार मालविकाच्या सासूने, पुष्पावतींनी उघडलं. पूजेतून उठून आलेल्या, बोटांना गंध. त्यांनी तिच्या हनुवटीवरचं रक्त पाहिलं, आणि जन्माच्या सवयीने नजर खाली गेली.

"अगं बाई, काय केलं हे त्याने? ये, आत ये. तेवढे बूट बाहेर काढ, पूजा चाललीय."

जिन्यात एका पायाच्या उड्यांचा आवाज वर येत होता. भैरवीने चौकट घट्ट धरली.

"काकू, मला बूट घालूनच आत येऊ द्या."