फिट आली तर कुशीवर वळवायचं

गेल्या मंगळवारी सकाळी, उज्जैनच्या नानाखेडा बस स्टँडसमोर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बर्वे काका मला रागावले. बेचाळीस वर्षांच्या माणसाला सहसा असं कुणी रागावत नाही... म्हणून लिहितोय.

थोडं मागचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मला घरीच फिट आली. महिन्याभराने दुसरी. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाले, मी सांगेपर्यंत गाडी चालवणं बंद.

गोळ्यांचं काही नाही, पण गाडीचं फार लागलं. आमच्या कॉलनीत दहा वाजता नवरे गाडी काढतात आणि बायका मागे बसतात. आमच्याकडे उलटं झालं... मुग्धा स्कूटी चालवणार, मी मागे, मांडीवर दोघांचे टिफिन.

कुणी विचारलं की मी सांगायचो, कंबर धरलीय. ऑफिसात कंबर, नातेवाइकांत कंबर. त्या नसलेल्या कंबरेसाठी लोकांनी मला तीन प्रकारची तेलं आणून दिली, आणि मी ती मुकाट्याने घेतली.

बर्वे काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात. रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. काकू गेल्या, मुलगी इंदूरला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना रोज सकाळी मेन रोडपलीकडे फिजिओथेरपीला जायचं होतं, आणि नजर अधू असल्यामुळे सोबत कुणीतरी हवं होतं. मुग्धा परस्पर सांगून आली, "हे येतील ना, यांना तसंही चालायचं असतंच."

मी चिडलो होतो. गाडी गेली, आता हे काम... पण आठ-दहा दिवसांत माझं मलाच कळलं की मी अलार्मच्या आधी उठतोय. काका गेटपाशी काठी घेऊन उभे असतात. रस्त्याशी आलो की न बोलता माझा हात धरतात. दिवसभरात माझ्यावर कुणीतरी इतका विश्वास टाकतं, हे मला हवंहवंसं वाटायला लागलं. म्हणूनच त्यांनाही कंबरच सांगितली.

मंगळवारी काय झालं, की आदल्या दिवशी आम्ही देवासला एका मुंजीला गेलो होतो. गोळ्यांची डबी तिथेच राहिली. रात्रीची गोळी चुकली, सकाळचीही नव्हती. फिजिओथेरपी उरकून परत येताना रस्ता ओलांडला आणि माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आवाज लांबून आल्यासारखे वाटू लागले. पोह्यांच्या ठेल्याशेजारी बाक होतं, त्यावर कसाबसा बसलो.

दोन-तीन मिनिटांत सगळं निवळलं. काका वाकून माझ्याकडे बघत होते.

"काय होतंय रे, नितीन?"

"काही नाही काका, ॲसिडिटी..."

बोललो खरा, पण त्यांचा हात अजून माझ्या हातात होता. हेच मिनिटभर आधी, रस्त्याच्या मधोमध झालं असतं तर? मी पडलोच असतो, आणि काकांनाही घेऊन पडलो असतो. मग मी सगळं सांगितलं. फिट, गोळ्या, गाडी, खोटी कंबर.

काका म्हणाले, "रोज तुझा हात धरून रस्ता क्रॉस करतो मी. आणि हे तू आज सांगतोस? मला काय समजलास तू?"

मी मान खाली घातली. वाटलं, झालं. आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस.

तेवढ्यात पोहेवाले भैया पाणी घेऊन आले. "क्या हुआ बाबूजी, भैया को चक्कर आ गया?"

"इनको मिर्गी की दिक्कत है," काकांनी सरळ सांगून टाकलं. सर्दी झालीय म्हणावं, इतक्या सहज. "अभी ठीक हैं. जरा बैठने दो."

मला अंग चोरून घ्यावंसं वाटलं. दोन वर्षं जे कुणाच्या कानावर पडू दिलं नव्हतं, ते भर बाजारात...

भैया म्हणाले, "अच्छा. मेरे साले को भी है. गोली टाइम से लेनी पड़ती है, बस." आणि ते पोहे द्यायला वळले. एवढंच. बाकी कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

काका बाकावर माझ्या शेजारी टेकले. "आता नीट सांग. तुला फिट आली तर मी काय करायचं? कांदा हुंगवायचा?"

"नाही काका. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. घड्याळात वेळ बघायची... पाच मिनिटांच्या वर गेलं तर अँब्युलन्स."

त्यांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मग स्वतः म्हणून दाखवलं.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आलो. काकांनी परस्पर ठरवून टाकलंय की मेन रोड आता ई-रिक्षाने ओलांडायचा, आणि पायी चालणं कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर. बुधवारी ते गेटपाशी आले तेव्हा शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती. मार्करने मोठ्या अक्षरात मुग्धाचा नंबर, आणि खाली लिहिलेलं, 'कुशीवर.' निघण्याआधी त्यांनी विचारलं, "गोळी घेतलीस?"

गुरुवारी ऑफिसात सांगितलं. मग एकाने विचारलं, "नितीनजी, फिर हमको क्या करना है?" मी सांगितलं. पूर्ण सांगितलं.

मोठा माणूस म्हणजे कुणाच्याही मदतीवाचून चालणारा, असं मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. आता रोज सकाळी आम्ही दोघं एकमेकांना धरून चालतो आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

काका फेसबुकवर नाहीत, आणि बारीक अक्षर त्यांना दिसतही नाही. उद्या फिजिओथेरपीच्या बाहेर नंबर लागेपर्यंत हे त्यांना वाचून दाखवणार आहे. तोंडावर थँक्यू म्हणायला मला अजून जमत नाही... वाचून दाखवायला जमेल.