म्हाताऱ्या ताऱ्यातलं लोखंड

देवाने सगळ्यांना दोन डोळे दिले आणि ताईंना संशयाचा तिसरा. दुधाची बंद पिशवीसुद्धा त्या हुंगून घेत. कुलूप लावलं की ओढून बघत, जिना उतरत आणि पुन्हा वर येऊन ओढत. देव सगळं बघतो असं कुणी म्हटलं, तर भक्तिभावाने हात जोडत; पण त्याच्याही नजरेतून एखादी गोष्ट निसटत असणार, ही शंका चेहऱ्यावर राहायचीच.

हा स्वभाव आयुष्यात एकाच जागी कामाला आला. टेकडीवर मोठी दुर्बीण होती आणि तिच्या पायथ्याशी एक लांबट कार्यशाळा. तिथे ॲल्युमिनियमच्या मोठाल्या चकत्या यायच्या, शेकडो भोकं पाडलेल्या. एकेक भोक म्हणजे आकाशातल्या एकेका ताऱ्याची जागा. त्यात केसाएवढं काचेचं फायबर खोचायचं. त्यातून ताऱ्याचा उजेड यंत्रात जातो आणि ताऱ्याच्या अंगात कोणते धातू किती आहेत, ते त्या उजेडावरून कळतं. चकतीला तिथे काम करणाऱ्या बायका ताट म्हणत. ताई आधी घड्याळं दुरुस्त करायच्या. नवरा गेल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आल्या आणि इथे लागल्या. पुढे भावजयीलाही त्यांनीच आणलं. दोघी समोरासमोर बसून अर्धं अर्धं ताट भरत. मग ताई भावजयीचं अर्धं तपासत. त्यांचं अर्धं तपासायची कुणाची टाप नव्हती.

लखलखीत ताऱ्याला तांबडं फायबर, मंद ताऱ्याला काळं, एवढं पाळावं लागे. रंग चुकला, तर यंत्रात लखलखीत तारा मंद ताऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि त्याचा उजेड शेजाऱ्याच्या अंगावर सांडतो. मग शेजाऱ्याजवळ नसलेले धातूही त्याच्या नावावर दिसतात.

नेमकं तसंच काहीतरी झालं, असं एका सकाळी संशोधकबाई सांगत आल्या. त्या ताऱ्यांच्या पिढ्यांचा अभ्यास करत होत्या. पहिल्यावहिल्या पिढ्या जन्मल्या तेव्हा लोखंड नव्हतंच म्हणायचं. ते ताऱ्यांच्याच पोटात शिजलं, तारे फुटले तसं पसरलं आणि मागाहून जन्मलेल्यांच्या वाट्याला आलं. त्यामुळे म्हाताऱ्या ताऱ्यात लोखंड नावापुरतं. आणि इथे चालीवरून म्हाताऱ्यांच्या टोळीतला दिसणारा एक मंद तारा, अंगात लोखंड मात्र तरण्याताठ्याएवढं. बाईंचा सूर मऊ होता, पण कार्यशाळेच्या साहेबांनी मधला मार्ग ठेवला नाही. रंग चुकला असेल, तर चुकणारीला ताटावरून उठावं लागेल, म्हणाले.

ताटातली फायबरं तर केव्हाच उपसून झाली होती. पुरावा काही नाही. आणि ते भोक ताटाच्या मधोमध, दोघींचाही हात पोचेल असं.

ताईंना आपली चूक असेल असं क्षणभरही वाटलं नाही. भावजय अलीकडे गुणगुणत काम करायची, ते त्यांना आठवलं. तांबड्या फायबरांचा जुडगा ती आपणहून ताईंच्या हाताशी सरकवून ठेवायची. कशाला? घरी तिने ताईंच्या खोलीतला दिवा बदलून झगझगीत लावला होता. बाहेरून डोकावायला सोपं जावं म्हणून, दुसरं काय. त्यांच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचून मग हातात देई. म्हणजे सगळ्यांना कळावं, ताई थकल्या.

संध्याकाळी भाऊ शांतपणे जेवत होता आणि दोघी एकमेकींच्या ताटाकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी भावजय साहेबांकडे जाऊन आली. चूक माझी, रंग माझ्याकडून चुकला, असं सांगून मोकळी झाली. तिला सामानाच्या खोलीत स्क्रू निवडायला बसवलं. ताईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण इतक्या सहज कबुली? मोठं काही झाकायचं असलं की माणूस लहान गोष्ट कबूल करतो. दोन आठवडे त्या तिच्याशी कामापुरतं बोलल्या आणि तिने केलेला चहा निवेपर्यंत तसाच ठेवून दिला.

मग संशोधकबाई पुन्हा आल्या, या वेळी हसत. तोच तारा दुसऱ्या ताटावर, दुसऱ्या जोडीच्या हातून घेतला होता. लोखंड तेवढंच. चूक कुणाचीच नव्हती. म्हाताऱ्यांच्या टोळीत हिंडत असला तरी तो त्यांच्यातला नसावा, असं त्या म्हणाल्या. जन्म दुसरीकडचा, कसला तरी धक्का बसून इकडे येऊन पडलेला.

बाकीचे ताऱ्याविषयी विचारत बसले. ताई उठून सामानाच्या खोलीत गेल्या.

“न केलेली चूक कबूल का केलीस गं?”

भावजयीने स्क्रूचा डबा बाजूला ठेवला. “मला वाटलं, तुमची असेल.”

“माझी?”

“सुईत दोरा ओवायला तुम्ही खिडकीत जाता, ताई. साखरेच्या डब्यात मीठ ओतलंत. मी कुणाला बोलले नाही. माझं काय, मी स्क्रूही निवडीन. तुम्हाला ताटावरून उठवलं, तर घरी दिवसभर माझ्यावर पहारा द्याल.”

ताईंना हसू आलं नाही. त्यांनी एप्रनच्या खिशातून फायबरचे दोन तुकडे, एक तांबडा, एक काळा, काढले आणि त्या खोलीतल्या मिणमिणत्या दिव्याखाली धरले. बराच वेळ बघितलं. “हे तांबडं,” म्हणाल्या.

ताई तुकडे घेऊन दारापाशी, उन्हात गेल्या. तांबडं ते नव्हतं. दुसरं होतं.

त्या दिवशी साहेबांकडे त्या स्वतः गेल्या. भावजयीला परत बसवा आणि माझं अर्धं ताट यापुढे ती तपासेल, असं सांगून आल्या. डोळे तपासायलाही गेल्या; डॉक्टरांचा तक्ता जुना आहे, अशी शंका काढली, पण चष्मा मुकाट घेतला.

आता रोज ताट भरलं की भावजय ताईंचं अर्धं बघते. ती पाणी प्यायला उठली की ताई नवा चष्मा सारखा करून तिने तपासलेलं पुन्हा एकदा बघतात. तिला ते ठाऊक आहे. म्हणून पाणी ती सावकाश पिते.