भिंतीला चार बोटं सोडून

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मला दोनच गोष्टी बजावून सांगितल्या. सहा महिने जिना चढायचा नाही, आणि रोज सकाळ-संध्याकाळ वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायचं. निर्मळला भावाच्या घरी झोपायच्या खोल्या माडीवर आहेत. त्यामुळे आई माझ्याकडे, वसईतच उमेळ्याला आली. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असला तरी इमारतीला लिफ्ट आहे.

मी एकटी राहते. औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काम केलं आणि मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. निवृत्त झाल्यावर बायका सोनं घेतात, यात्रेला जातात. मी स्पीकर घेतले. लहानपणापासून गाणं ऐकायची आवड होती, पण ऐकलं ते सगळं भावाच्या जुन्या टेपवर आणि नंतर मोबाईलवर. एकदा तरी नीट ऐकायचं असं ठरवून ठेवलं होतं. लोखंडी स्टँडवर ठेवायचे, हातभर उंचीचे, मागच्या बाजूला मुठीएवढं भोक असलेले स्पीकर होते ते. हे भोक हवा आत-बाहेर करतं आणि त्यामुळे खालचे सूर भरून येतात. म्हणूनच असे स्पीकर भिंतीपासून लांब ठेवावे लागतात. माझे अडीच फूट पुढे होते. हॉल दहा बाय सोळाचा. त्यात ते दोन स्टँड जवळजवळ मधोमध उभे असायचे, आणि एकटीला त्याची काही अडचण नव्हती.

आई आली त्याच संध्याकाळी वॉकरचा पाय डाव्या स्टँडला अडकला. स्पीकर कलला. मी धावत जाऊन तो धरला, मग आईला धरलं. हा क्रम आईच्या लक्षात आला.

"हे खांब इथे कशाला उभे केलेत?" तिने विचारलं.

"तिथे ठेवले की आवाज चांगला येतो."

"भिंतीला लावले तर येणार नाही?"

"येईल. पण वाईट येईल."

"मग सहा महिने वाईट ऐक," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली. ती रागावली नव्हती. वाडीत केळी लावताना कुठली ओळ कुठे येईल हे ती असंच सांगायची. आमच्या घरची बोली वेगळी आहे. आई माझ्याशी त्याच बोलीत बोलते, इथे मी ते साध्या मराठीत लिहिते आहे.

मी स्पीकर मागे सरकवले आणि भिंतीला चार बोटं सोडून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपल्यावर एक ख्याल लावला. तबला सुरू झाला आणि मी उठून आवाज कमी केला. डग्ग्याच्या जागी कुणीतरी रिकामं पिंप बडवत होतं. गायिकेचा आवाज त्या घुमण्यात पार गुदमरून गेला होता. आवाज कमी केला तर गाणं लांब जायचं, पिंप तिथेच राहायचं.

पुढचे पंधरा दिवस मी उपाय करत होते. मागच्या भोकात लोकरीचे मोजे कोंबले. जुन्या गादीचा फोम कापून बसवला. स्पीकर थोडे आत वळवले, स्टँडखाली रबर ठेवलं. घुमणं जरा कमी व्हायचं, पण त्याबरोबर गाण्यातला जीवही जायचा. आई वॉकर थांबवून हे सगळं बघायची. एकदा म्हणाली, "मोजे घातलेस, आता त्याला स्वेटर पण घाल." मला हसू आलं नाही. तिच्यामुळे माझी एकुलती एक चैन गेली, असं मनात येत होतं. ऑपरेशन झालेल्या आईबद्दल असं वाटतं याची लाजही वाटत होती. मग मी गाणी लावायचीच बंद केली. दोन आठवडे काहीच लावलं नाही.

तेव्हा शेजारचे अंकल आले.

ते वसईतल्याच एका ख्रिस्ती गावातले. मुलगा-सुनेबरोबर शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. पंचाहत्तरीच्या आसपासचे असतील. माझ्या हॉलची स्पीकरची भिंत म्हणजे त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत. इतक्या वर्षांत जिन्यात आणि ईस्टर-नाताळला घरात जेवढं बोलणं होतं तेवढंच आमचं बोलणं. दारात उभे राहून ते म्हणाले, "बाय, एक विचारू? रागवू नको."

मला वाटलं तक्रार आहे. मी म्हटलं, "अंकल, आवाज मोठा होत होता ना? आता मी लावतच नाही."

"तेच विचारायला आलो. का लावत नाहीस? बरी आहेस ना?" मग जरा घुटमळून म्हणाले, "मोठा नव्हता. पण बंद करायच्या आधी पंधरा दिवस तुझ्या सगळ्या गाण्यांत एकच सूर लागत होता."

"म्हणजे?"

"गाणारा कुठल्याही पट्टीत गाऊ दे, भिंतीतून मला हाच यायचा." आणि त्यांनी छातीतून एक खोल सूर काढला. हूंऽऽ. मी थक्क झाले. नेमकं तेच. पंधरा दिवस मी ज्याला नुसतं घुमणं म्हणत होते, तो एक ठरावीक सूर होता, आणि या माणसाने तो भिंतीपलीकडून पकडला होता.

मी त्यांना आत बोलावलं. चहा घेताना कळलं, की नोकरी सांभाळून तीस वर्षं ते गावच्या ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. पोटाशी धरून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, बँडमधला जाड आवाज. "ट्रंपेटवाल्याकडे सगळे बघतात," ते म्हणाले. "आमच्याकडे कोणी बघत नाही, पण आम्ही चुकलो की सगळ्यांचे पाय चुकतात. त्यामुळे मला गाण्यातलं खालचंच ऐकू येतं. सवय."

चहा संपल्यावर त्यांनी मला एक गाणं लावायला सांगितलं आणि डावा स्पीकर हळूहळू पुढे ओढायला लावला. मी वीतभर ओढला की ते मान हलवायचे, "आहे, अजून आहे." दोन फुटांवर आल्यावर म्हणाले, "गेला." परत मागे ढकलला, परत आला. आई पलंगावरून बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे स्पीकर वाईट नाही. जागा वाईट."

"स्पीकर चांगला आहे," अंकल म्हणाले. "पण भिंत त्याला साथ देते, आणि जरा जास्तच देते. ज्याला भिंतीची साथ चालेल असा दुसरा बघायला पाहिजे."

आईसमोर कोणीतरी हे बोललं म्हणून असेल, मला दुसरे स्पीकर घ्यायचा धीर आला. आठवडाभर मी वाचलं. भिंतीजवळ चालतील असे तीन प्रकार सापडले. एकाचं भोक मागे नसून पुढे असतं. एकाला भोकच नसतं, खोकं पूर्ण बंद असतं. आणि तिसऱ्याच्या आतच अँप्लिफायर असतो आणि मागे एक बटण, भिंतीजवळ ठेवलात तर खालचे सूर थोडे कमी करणारं. तिसरा मी सोडून दिला, कारण माझा अँप्लिफायर चांगला होता आणि तो टाकून देणं मला पटेना.

मुंबईतल्या दुकानात जाताना अंकल बरोबर आले. दुकानातली खोली गालिच्याची, जाड पडद्यांची. सगळे स्पीकर खोलीच्या मध्यात मांडलेले. तिथे काय, सगळेच छान वाजत होते. मी दुकानदाराला म्हटलं, हे जरा भिंतीला लावून दाखवा.

"मॅडम, कुठलाही चांगला स्पीकर घ्या, दोन फूट तरी सोडायलाच लागतील."

"त्या दोन फुटांत तिची आई चालते," अंकल म्हणाले.

दुकानदाराने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने एक जोडी मागे सरकवली. अंकलनी तिथली भिंत वाजवून बघितली. ती प्लायची निघाली, आतून पोकळ. माझ्या घरची विटांची. म्हणजे इथे कितीही ऐकलं तरी घरचा अंदाज येणार नव्हता. दुकानदार माणूस भला होता. दोन जोड्या दोन दिवसांसाठी घरी न्यायला दिल्या, एक पुढच्या भोकाची आणि एक बंद खोक्याची.

शनिवारी सकाळी आम्ही त्या लावल्या. ठरलं असं, की अंकल त्यांच्या खोलीत जाऊन भिंतीजवळ बसतील आणि तो सूर आला की भिंतीवर टकटक करतील. आधी पुढच्या भोकाची जोडी. मला ती पहिल्या मिनिटातच आवडली. डग्गा परत डग्ग्यासारखा झाला होता, भरदार, गोल. पण जरा खालच्या सुरात गाणं गेलं की भिंतीवर टकटक यायची. जोरात नाही, पण यायचीच.

मग बंद खोक्याची जोडी. दिसायला लहान, बेतास बात. डग्गा नेमका आला, पण बारीक वाटला. दोन गाणी झाली, तीन झाली, भिंत गप्प. अंकल दार उघडून आत आले. "मी तिकडे कान लावून बसलोय. लावलंयस ना, की बंद केलंस?"

"चालू आहे."

"मग हेच घे."

"पण अंकल, पहिल्यात भरलेपणा होता. यात काहीतरी कमी आहे."

"भरलेपणा भिंतीचा होता. वाजवणाऱ्याचा नाही."

मला ते पटलं नाही, आणि मी तसं सांगितलंही. ऐकणार मी होते, ते नव्हते. आमचं जरा ताणलंच. तेवढ्यात आई वॉकर घेऊन स्पीकरपर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "मला या बाईचे शब्द आज कळले. इतके दिवस ती काय म्हणते तेच कळत नव्हतं. मी म्हटलं, कान पण गेले."

कान गेले असं तिला महिनाभर वाटत होतं आणि ती बोलली नव्हती. मी बंद खोक्याची जोडी ठेवून घेतली.

पहिले काही आठवडे मला पस्तावा झाला. सवय नडते. दर गाण्यात मी तो भरलेपणा शोधायचे आणि तो नसायचा. मग कधीतरी शोधणं थांबलं. तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. तबलजी डग्ग्यावर तळहात घासतो तो आवाजही यायला लागला. नक्की कधीपासून, ते सांगता येणार नाही.

अंकलना मात्र आता भिंतीतून फारसं काही ऐकू येईना. मग ते रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर आमच्याकडे येऊन बसू लागले. आई त्यांना भावाने पाठवलेली वाडीतली केळी द्यायची, ते पाव आणायचे. एका रविवारी त्यांनी पेन ड्राइव्ह आणला. पुतण्याने एका जुन्या लग्नाच्या कॅसेटवरून गाणी उतरवून दिली होती. त्यांचाच बँड. "घरच्या टीव्हीवर लावलं तर नुसता ट्रंपेट येतो," ते म्हणाले. "मी कुठेच नाही."

मी लावलं. लोकांचा गलका, मग ढोल, मग ट्रंपेट, आणि सगळ्यांच्या खाली, पावलं टाकत गेल्यासारखं त्यांचं युफोनियम. स्पष्ट. अंकल पुढे झुकून ऐकत होते. बोटं गुडघ्यावर चालत होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बोटं थांबली.

"इथे मी उतरलोय," ते म्हणाले. "ऐकलंस? सूर खाली गेला."

मला कळलं नव्हतं. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत ऐकलं.

"पुढचे दात हलायला लागले होते. ओठाला जोर मिळत नव्हता. मी कोणाला सांगितलं नाही. म्हटलं कोणाला कळतंय. त्यानंतर दोनच लग्नं वाजवली." मग म्हणाले, "पण बाकीचं बरं आहे, नाही का?"

"चांगलं आहे," आई म्हणाली. "नवरीकडचे नाचतायत, ऐकू येतंय की."

ते हसले. पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि पुढच्या रविवारी परत घेऊन आले.

आईचा पाय बरा झाला. आता जिनाही चढता येतो म्हणून भाऊ तिला निर्मळला घेऊन गेला. जाताना जुने स्पीकरही टेम्पोत चढवले. त्यांच्या ओटीवर जागाच जागा आहे, तिथे ते भिंत सोडून उभे आहेत आणि उत्तम वाजतात. आई त्यांच्यावर भजनं लावते.

हॉल रिकामा झाल्यावर एका सकाळी मी नवे स्पीकर अडीच फूट पुढे ओढून बघितले. आवाज पातळ झाला, कडेकडेने कुरतडल्यासारखा. त्यांना भिंत लागते. मी ते परत मागे सरकवले, बोटांनी अंतर मोजलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं.