गाडीच्या छताला भाताची खळ

आमच्या गाडीचं छत मी भाताने चिकटवलं होतं. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण जो तो आपापल्या सोयीने सांगतो. म्हणून म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावी.

गाडी म्हणजे जुनी अँबेसेडर. पांढरी, गोल पाठीची, भरपेट खाऊन बसलेल्या म्हशीसारखी. आमच्या बुढ्याने (म्हणजे नवऱ्याने; समोर मी त्याला अहोजाहो करते, कागदावर कोण ऐकतं?) ती तरुणपणी एका राईस मिलवाल्याकडून घेतली. चालते. म्हणजे तिच्या मनात आलं तर चालते. नाहीतर अंगणात आंब्याखाली उभी असते आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालतात.

दुपारचं जेवण झालं की मी तिच्या मागच्या सीटवर आडवी होते. घरात टीव्ही, सुनेचं शिलाई मशीन आणि बुढ्याचा खोकला, तिन्ही एकदम सुरू असतात. गाडीत तसं नाही. काच खाली केली की बोडीवरचा वारा आत येतो. (बोडी म्हणजे आमचा लहान तलाव. सासरच्या जुन्या माणसांनी खोदलेला. आता त्यात मासे कमी आणि म्हशी जास्त.) पापण्या जड झाल्या की गाडी हलायला लागते. आवाज नाही (सून म्हणते मी घोरते, मला तर कधी ऐकू आलं नाही), पेट्रोल नाही. काठच्या पाळीवरून अलगद उतरते आणि बोडीच्या पाण्यावरून चालत जाते, कमळाचं एक पान दबत नाही. पुढे ड्रायव्हर नसतो आणि मला त्याची काळजीही वाटत नाही. लग्न झाल्यापासून मी कोणत्याही गाडीत बसले की जायचं कुठं ते दुसऱ्यानेच ठरवलेलं असतं. तिथे मात्र मी म्हणेन तिकडे ती वळते.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. चौथी शिकलेली बाई असलं काही बोलली तर लोक दवाखान्यात नेतात.

तर झालं असं की आमच्या राजूला, म्हणजे मुलाला, थ्रेशर ठेवायला जागा हवी होती.

"माय, या डब्ब्यानं अर्धं आंगण खाल्लं," तो म्हणाला. "मी थ्रेशर ठेवू कुठं, डोक्यावर? भंगारवाल्याले बोलावतो."

दोन दिवसांनी बुढ्याने जाहीर केलं की आजकाल लग्नात लोक नवरदेवाला जुन्या गाडीतून आणतात, आपली गाडी आतून नवी केली की तीही कामाला लागेल. गोंदियाचा एक मंडपवाला त्याच्या ओळखीचा होता. त्याने सांगितलं होतं, आतून चांगली दिसली तर घेतो. राजू म्हणाला, ठीक आहे, त्याने घेतली तर गाडी राहील, नाही घेतली तर भंगार. बुढ्याला गाडी हवी होती. मला दुपार हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा आम्हा दोघांचं एकमत झालं, आणि तिथेच मला धोका कळायला हवा होता.

सुनेच्या मोबाईलवरून सामान मागवलं. पोत्याएवढं पार्सल आलं. त्यात सीटांची कव्हरं, दारांना आतून लावायच्या गाद्या, खाली अंथरायचा गालिचा आणि छताचं कापड. सोबत चिकटवायच्या सोल्यूशनचे दोन डबे आणि नुसत्या चित्रांचा एक कागद. चित्रातला माणूस हसत हसत काम करत होता. त्याला आमची गाडी दाखवली नसावी.

सीटांची कव्हरं आम्ही पुढची मागे आणि मागची पुढे चढवली. सून म्हणाली, काढा. बुढा म्हणाला, चढवायला दोन तास लागले, आता जीव गेला तरी काढणार नाही. दारांच्या गाद्या लावल्यावर कळलं की डावीकडची उजवीकडे गेली आहे आणि काच खालीवर करायच्या दांडीसाठी भोक नको तिथे आलं आहे. बुढ्याने विळा आणून नवं भोक पाडलं. ते चुकलं म्हणून आणखी एक पाडलं. शेवटी एका भोकातून दांडी बाहेर आली आणि बाकीच्यांतून उजेड.

राहिलं छत. जुनं कापड तारांवर ताणलेलं होतं, त्या तारा गंजून गेल्या होत्या, तेव्हा नवं कापड सरळ पत्र्यालाच चिकटवायचं ठरलं. बुढा सोल्यूशनचा डबा घेऊन आत बसला. थोड्या वेळाने बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, आत्याले पाणी दे. त्याची आत्या मरून जमाना झाला. मी त्याला बाजेवर निजवलं, आणि वास उडून जावा म्हणून दोन्ही डब्यांची झाकणं रात्रभर उघडी ठेवली. सकाळी डब्यांत दोन दगड होते.

नवं सोल्यूशन यायला आठवडा लागणार होता आणि मंडपवाला त्याआधी येणार होता.

आता माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातलं गणित गेलं, कविता गेल्या, पण एक विद्या मला पक्की आहे. भाताच्या खळीने पुस्तकाला कव्हर घालणं. मी पातेलंभर भात शिजवून मऊ मळला, पाणी घालून पुन्हा आटवला आणि चांगली घट्ट खळ केली. शेणाने भिंत सारवतात तशी ती हाताने पत्र्यावर सारवली. वर कापड दाबलं. ते सुकेपर्यंत बुढा दुपारभर डोक्याने छत धरून बसला.

"हे टिकन का वं?" त्याने आतून विचारलं.

"राजूचं चौथीचं पुस्तक अजून टिकून हाये. तुम्ही मान हलवू नका जी."

आणि टिकलं. उन्हाळ्यात खळ कडकडीत वाळली. कापड पिकल्या धानाच्या रंगाचं होतं. दुपारी मागे पडून वर पाहिलं की वाटायचं, शेत उलटं करून आभाळाला लावलं आहे आणि मी त्याच्याखालून तरंगत चालले आहे. कधी कधी त्या शेतातून बारीक खुसखुस ऐकू यायची. लाल मुंग्यांची एक रांग दारावरून वर जायची. मला ते फार शोभेचं वाटायचं. स्वप्नात कोण चौकशी करतं?

मंडपवाला आला. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, केस तेल लावून बसवलेले. शेजारच्या नागरा गावच्या मंदिरापर्यंत चक्कर मारून बघू म्हणाला. बुढा पुढे चालवायला बसला. मंडपवाला मागे बसला, कारण नवरदेव तिथेच बसतो. मीही मागे बसले. राजू म्हणाला, तू कायले? मी म्हटलं, मी असले की ती नीट वागते.

खरंच नीट वागली. एका दमात सुरू झाली. दोन्ही बाजूंना उन्हाळी धान उभं होतं, खिडकीतून गार वारा येत होता. माझे डोळे मिटायला लागले. आता ही पाण्यावर उतरणार, असं वाटत होतं.

"वाह चाचा," मंडपवाला छताला हात लावून म्हणाला. "अंदर से तो राजमहल है."

तो हात त्याने लावायला नको होता. पुढे रस्त्यात खड्डा आला आणि वरून पांढरे पापुद्रे त्याच्या केसांवर पडले. पुढच्या खड्ड्याला खांद्यावर पडले. त्याने एक उचलून बोटांत चुरला.

"अम्मा, ये ऊपर से क्या गिर रहा है?"

"अक्षता," मी म्हटलं. "लग्नाची गाडी हाये ना जी."

तो हसला. मलाही वाटलं, निभावलं. आणि मग छत खाली आलं. पडलं म्हणणार नाही मी. अगदी हळू आलं. आधी मध्ये पोट सुटल्यासारखं झालं, मग ते पोट वाढत वाढत आमच्या डोक्यांवर टेकलं, मग कडा सुटल्या आणि आम्ही तिघं एका मोठ्या सोनेरी चादरीखाली गेलो. आत मऊ उजेड होता. भाताचा वास येत होता. गाडी चालतच होती, आणि बुढ्यालाही काही दिसत नव्हतं. खरं सांगते, मला तसं छान वाटत होतं. ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी मला नवीन नव्हती.

मंडपवाल्याला नवीन होती. "चाचा, गाडी रोको," तो फार शांतपणे म्हणाला. मग त्याच्या मांडीवर उंदीर पडला. (पाच-सहा दिवस फुकट भात खाऊन तो चांगला गुटगुटीत झाला होता.) त्यानंतर मंडपवाला शांतपणे काही म्हणाला नाही.

गाडी रस्ता सोडून एका शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकली आणि आपली आपणच बंद पडली. कोणाला खरचटलंही नाही. मंडपवाला दार उघडून उतरला, केसांतला भात झाडला, मंदिराच्या दिशेने हात जोडले आणि मागून येणाऱ्या एका मोटरसायकलवर बसून गेला. गाडीबद्दल त्याने काहीच सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

राजूने शब्द पाळला. चौथ्या दिवशी भंगारवाला येणार असं सांगून तो मोकळा झाला. बुढा सकाळपासून गोठ्यात जाऊन बसला, त्याला बघवत नव्हतं. मी रडणाऱ्यांतली नाही. मी जेवले, हात धुतले, गाडीत जाऊन मागच्या सीटवर आडवी झाले आणि आतून दोन्ही दारं लावून घेतली. ठरवलं होतं, भंगारवाला आला की उठून बसायचं आणि त्याला असं काही सुनवायचं की पुन्हा या गावात पाय ठेवणार नाही. चार वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती. वारा सुटला. गाडी हलली.

जागी झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी आंब्याखाली होती, मी गाडीत होते, भंगारवाला येऊन गेलाही होता. राजू तोंड पाडून ओट्यावर बसला होता. बुढा मात्र गोठ्यातून बाहेर येऊन चहा पीत होता.

मी सगळ्यांना सांगते, माझ्या जिद्दीपुढे भंगारवाल्याने हात टेकले. सून वेगळंच सांगते. ती म्हणते, तो फाटकापर्यंत आला, कान देऊन उभा राहिला आणि राजूवर चिडला: "चालू गाडी भंगारात कायले देऊन राहिले भाऊ? इंजिन तर इथवर ऐकू येऊन राहिलं."