तिसऱ्या मजल्यावरची माटोळी

डिचोलीतल्या आमच्या इमारतीला तीन मजले, वर गच्ची, आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे. मी सेक्रेटरी. म्हणजे बिनपगारी शिव्या खाणारा माणूस. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रभावती गवस यांनी एप्रिलच्या शेवटी किल्ली मागितली, तेव्हा मी आधी नाही म्हटलं आणि मग कारण विचारलं. माझी पद्धत तशीच आहे.

कारण निघालं गणपती. प्रभावतीबाईंचा नवरा बाबली दोडामार्गाच्या पलीकडून खाणीवर टिपर चालवायला इकडे आला. खाण बंद पडली, आता तो शाळेची बस चालवतो. वीस वर्षं दोघं इथेच राहतात, पण चतुर्थी गावाला, थोरल्या दिरांच्या घरी. तिथे धाकटी जाऊ म्हणून बाई पाच दिवस नारळ खोवायच्या, आणि आरतीच्या वेळी चुलीपाशी असायच्या. त्यांना एकदा आपल्या घरात पाट मांडायचा होता. मला हे सांगताना त्या रडल्या नाहीत, पण किल्ली मात्र घेऊनच गेल्या.

आमच्याकडे घराण्याचा गणपती थोरल्याच्या परवानगीशिवाय वेगळा होत नाही. बाईंनी शिमग्यालाच विचारून पाहिलं होतं. दीर बाबाजी गवस म्हणाले, "जमीन नाय थंय गणपती खंय बसतलो?" वर अट घातली. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, फळं, भाज्या, रानवेली बांधून भरलेली. गवसांच्या माटोळीत विकतची एकही वस्तू चढत नाही. ती रीत पाळून दाखवा, मी आदल्या दिवशी येऊन बघतो, मग काय ते ठरवू. बाबली मान डोलावून परत आला. त्याला ही नाही म्हणायची सभ्य तऱ्हा वाटली, आणि मलाही.

दुसरी कोणी असती तर भांडली असती. ही बाई दर रविवारी गावाला जाऊन तांदळाच्या गोणीतून माती आणू लागली. बसच्या कंडक्टरने गोणीत काय म्हणून विचारलं. माती म्हटल्यावर त्याने गोणीचं अर्धं तिकीट फाडलं. डिचोलीत माती नाही का, असं मी विचारलं. आहे, पण तिच्यात खनिज पिकतं, भेंडी नाही, असं उत्तर मिळालं.

गच्चीवर फुटक्या बालद्या आल्या, रंगाचे डबे आले, कुणाचा तरी मेलेला फ्रिज आडवा होऊन त्यात भोपळा आला. मी दोन नोटिसा दिल्या. बाईंनी त्या नीट घडी घालून बालद्यांखाली ठेवल्या, गच्चीला डाग पडू नयेत म्हणून.

चूक झाली ती वेगळीच. गावात पेरणी पावसाबरोबर होते. इथे नळ होता, म्हणून बाईंनी हौसेने मे महिन्यातच बी टाकलं. जुलैत भेंडी, दोडकी, पडवळं धरली, आणि चतुर्थी सप्टेंबरात. नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, ही गवसांची दुसरी रीत. झालं. गच्चीवर भेंडी जून होऊन लाकूड झाली आणि खाली बाबली बाजारातून आणलेली बेळगावची भेंडी खात राहिला. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला की आपण शेतकरी झालो हे खरं, पण जेवणात काही फरक नाही. दोन दोडकी तरी खाली येतील अशी माझी माफक आशा होती. आशेला काय पैसे पडतात?

बाईंनी सगळं उपटून पुन्हा पेरलं. एक मोठं तवशं, म्हणजे पावसाळी काकडी, मात्र पिवळं होऊन टिकलं. तेवढं त्यांनी पेंढ्यात बांधून ठेवलं. माकडं यायची, तेव्हा त्या छत्री घेऊन, स्टीलचं ताट बडवत पावसात बसायच्या. खालच्या मजल्यावर माझी दुपारची झोप बुडायची. मी तक्रार करणार होतो, पण वर गेलो आणि त्यांची बोटं पाहिली, पाण्याने पांढरीफटक पडलेली. परत आलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पंखा उतरवला होता आणि पंख्याच्या हुकाला माटोळी टांगली होती. हुक तपासायला म्हणून मी गेलो. खरं म्हणजे बघायलाच गेलो. मूर्ती गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, सांगून ठेवलेली, पण आणलेली नव्हती. बाबाजी गवस गुडघ्यावर हात टेकत तीन मजले चढून आले आणि पाणीही न पिता एकेक वस्तू विचारू लागले. नारळ खंयचो? शेजारच्या माडाचा, मागून आणला. कवंडळ? रानातून, स्वतः काढलं. भेंडी, पडवळ, चिबूड? गच्चीवरचं. ते बराच वेळ वर बघत उभे होते.

"आणि माती खंयची?"

"तुमच्या परड्यातली," बाई म्हणाल्या. "गोठ्याफाटली."

"माका इचारलंस नाय?"

"तुमी म्हणालात, जमीन व्हयी. मी घेवन इलंय."

बाबलीने मान खाली घातली. मी हुकाकडे बघू लागलो. बाबाजी खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मग गुडघे चोळत, कुणाकडेच न बघता बोलले. दोन वर्षं घरामागच्या परड्यात उतरवत नाही, तिथे काही पेरलेलं नाही. मुलगे मुरगावला बंदरात, त्यांना सवड नाही. "औंदा माझी माटोळी बाजारातली आसा. कोणाक सांगूक नाय."

 बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"एक तवशा दी गो," ते म्हणाले. "आपल्या परड्यातला एक तरी आसांदे."

बाई स्टुलावर चढल्या. माटोळीच्या मधोमध ते पिवळं तवशं होतं. त्यांनी त्याचीच गाठ सोडली. माटोळी एका बाजूला कलली, पण त्यांनी ती सरळ केली नाही. तवशं दिरांच्या मांडीवर ठेवून त्या वाकून पाया पडल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना. बाबाजींनी तवशं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"बाबल्या," ते म्हणाले, "शाळा बंद होयच्या आधी मूर्ती घेवन ये."