होडीतली मखमली दुलई

घोंगडी मी मुद्दाम घरी ठेवली. नंतर सगळ्यांना "विसरले हो" असंच सांगत आले, पण पिशवीतून काढून ती दाराआड ढकलणारे हात माझेच.

यांना दिवाळीत न्यूमोनिया होऊन गेला होता. छातीला गारठा लागता कामा नये, असं नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दर पौषात ऑफिसातली मंडळी इंजिनाची होडी ठरवून धरणावर गळ टाकायला जायची, आणि ते चुकवणं यांना जमणारं नव्हतं. त्या वर्षी बायकांनाही बोलावणं होतं. मी म्हटलं, जा, पण मी सोबत येणार, तुमच्या छातीची राखण करायला. राखण म्हणे.

घोंगडी सासऱ्यांनी मुरुडच्या बाजारातून आणलेली. काळी, टोचरी, दमट हवेत मेंढरासारखी वास मारणारी. चार बायकांसमोर ती काढायची, या विचारानंच त्या चाळिशीतल्या बयेला, म्हणजे मलाच, घाम फुटला. तिनं हातात घेतली लाल मखमलीची दुलई, लेकीच्या लग्नासाठी कापूस भरून शिवून घेतलेली, कडेला सोनेरी पट्टी. स्वतः तर स्वेटरही घातला नाही, गळ्यातला मोत्यांचा सर झाकला गेला असता ना. धरणावर मासे सोडून मोती बघायला कोण येणार होतं, हे तिला एकदा विचारायचंय. भेटत नाही.

होडी निघाली तेव्हा धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. इंजिनाचा धूर नाकात, आणि पाण्यावरचा वारा थेट हाडात. हेडक्लार्कची बायको समोर बसली होती. साडीखाली नवऱ्याची पँट, पायात मोजे, डोक्याला मफलर, मांडीवर पोत्यात गुंडाळलेली तापवलेली वीट. मी यांच्या कानात म्हटलं, "बघा, पोलीसपाटील निघाले गस्तीला." हे हसले, आणि हसता हसता खोकले.

तिनं ऐकलंच. म्हणाली, "हसा बाई, हसा. हितं कुणी पोरगी बघाय आलंय व्हय?"

होडीच्या तळाला थोडं पाणी असतंच. दुलईचं एक टोक त्यात पडलं होतं, आणि कापसानं ते गुपचूप वर ओढून घेतलं. माझ्या लक्षात आलं तोवर यांच्या गुडघ्यांवर ती ओलीचिंब, दगडासारखी जड झाली होती. पिळायला गेले, तर पाणी यांच्याच पायांवर.

"घोंगडी-बिंगडी काय आणली न्हाई का?" ती बाई.

"राहिली वाटतं घरी," मी म्हटलं. हे पाण्याकडे बघत राहिले.

तिनं अंगावरची शाल काढली, वीट पुढं केली. "घ्या, भाऊजींच्या छातीला लावा."

"नको, आहे की आमचं."

काय होतं आमचं? भिजलेला कापूस.

यांचे दात वाजायला लागले तेव्हा होडीवाल्यानं विचारलं, "वळवू का, साहेब?" सगळ्यांचे गळ पाण्यात होते. यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी घाईघाईनं म्हटलं, "नको नको, एकट्यासाठी सगळ्यांचा खोळंबा कशाला." एकट्यासाठी, म्हणाली ती मोत्यांची बया.

ऊन आलं, पण त्यात ऊब नव्हती. यांच्या गळाला मरळ लागली, चांगली हातभर. पण यांची बोटंच वळेनात. ती हातातून सुटून पाण्यात गेली. सगळे हळहळले. तेव्हा कुठं मी माझा पदर यांच्या छातीभोवती गुंडाळला. रेशमाचा. पातळ.

त्याच आठवड्यात दवाखाना झाला. तिथून हे घरी आले नाहीत.

आता मी लातूरला लेकीकडे असते. थंडी पडली की कानटोपी, मोजे आणि साडीखाली जावयाची जुनी पँट घालून बसते. नातवंडं म्हणतात, "आज्जी, पोलीसपाटील दिसायलीस तू." कुणी शिकवलं त्यांना, दुसरं कोण, मीच. हसतात बिचारी. एवढं सगळं घालूनही पाय गारच राहतात.

दवाखान्यात मी यांच्या खाटेपाशी बसून खरं काय ते सांगितलं होतं. दाराआड ढकललेली घोंगडी, आणि का ढकलली तेही. हे डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली. मग दम घेत घेत म्हणाले,

"ठाव हाय मला. पिशवी उचलली तवाच हलकी लागली. आता जा, घिऊन ये घोंगडी. हितं आपल्याला बघाय कुणी न्हाई."